धाप लागते म्हणजे काय होतं?

(दिंडीच्या शताब्दी वर्षात पुणे मुक्कामी, दिवे घाटाच्या आदल्या संध्याकाळी, हरिपाठानंतर दिंडीसोबतच्या वैद्यकीय सेवेकऱ्यांनी केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



हरिपाठ झाला, पंगत बसायला अजून अवकाश आहे. विणेकरीबाबांनी आम्हाला सांगितलं, "दिंडीला शंभर वर्षं झाली, कीर्तनं होतील, सत्कार होतील. तुम्ही औषधपाण्याची मंडळी आहात, तुम्ही माणसांच्या उपयोगाचं काही सांगा." उद्या घाट आहे. म्हणून आम्ही घाटाचंच बोलतो, आणि घाटात ज्याच्याशी प्रत्येकाची गाठ पडते त्या धापेचं बोलतो.

आम्ही काही कीर्तनकार नाही. प्राणाची वाट माउलींनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात सांगितली आहे आणि तिचं निरूपण करणारे अधिकारी इथे समोर बसले आहेत. त्यांच्यापुढे आम्ही त्यात हात घालणार नाही. आमचं बोलणं साधं. नाकातून हवा आत जाते, बाहेर येते, हे काम देहात कोण करतं, चढण लागली की त्याच्यावर काय ओझं पडतं, आणि मेंदू ते कसं सांभाळतो, एवढंच.

हे सांगायचं कारणही सांगून टाकतो. घाटात दरवर्षी कडेच्या दगडावर कोणी ना कोणी बसलेलं दिसतं. आम्ही जवळ जाऊन विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "काही नाही माउली, जरा दम लागलाय." चेहरा घामाने भिजलेला, बोलताना शब्द तुटतो, आणि तरी "काही नाही". का? तर डॉक्टर गाडीत बसवतील, पायी वारी मोडेल, लोक म्हणतील याच्यात दम राहिला नाही. धाप लपवली जाते. आणि लपवलेली धाप कधी कधी फार महागात पडते. ती लपवायची गोष्ट नाही, हे आज तुम्हाला पटलं तर आमची सेवा रुजू झाली असं आम्ही समजू.

आता बघा. प्रत्येकाने आपला हात छातीच्या पिंजऱ्याखाली, पोटाच्या वरच्या भागावर ठेवा. ठेवला? आता सावकाश श्वास घ्या. पोट पुढे आलं ना? ते हवेने फुगलं नाही, हवा पोटात जात नाही. आतून एक पडदा खाली सरकला आणि त्याने पोटातल्या अवयवांना पुढे ढकललं. त्या पडद्याला श्वासपटल म्हणतात. पालथ्या घातलेल्या वाटीसारखा त्याचा आकार. कडा खालच्या बरगड्यांना, छातीच्या हाडाला आणि पाठीच्या मणक्यांना चिकटलेल्या. त्याच्यावर फुप्फुसं आणि हृदय, त्याच्याखाली यकृत आणि जठर. हा पडदा स्नायूचा आहे. तो आकसला की वाटी खाली दबते, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत ओढली जाते. सैल सोडला की वाटी पुन्हा वर चढते आणि हवा बाहेर जाते. लोहाराचा भाता पाहिलाय ना सगळ्यांनी? तसाच हा भाता.

शांत बसलेलो असताना हा पडदा एक-दोन सेंटिमीटरच हलतो. मिनिटाला १२ ते १६ श्वास आणि प्रत्येक श्वासात साधारण अर्धा लिटर हवा. म्हणजे मिनिटाला सहा-सात लिटर, एक लहान कळशीभर म्हणा. दिवसाला वीस हजारांच्या आसपास श्वास होतात. तुम्ही झोपलात तरी हा झोपत नाही. बाकीचे स्नायू रात्री विसावा घेतात. याचा विसावा दोन श्वासांच्या मधला तेवढाच.

मग याला हुकूम कोण देतं? मानेच्या वर, कवटीच्या तळाशी मेंदूचा एक भाग आहे, मस्तिष्कपुच्छ. श्वासाची लय तिथे ठरते. १९९१ साली अमेरिकेत जेफ्री स्मिथ आणि जॅक फेल्डमन यांनी सहकाऱ्यांबरोबर उंदराच्या पिल्लाच्या मस्तिष्कपुच्छाचा एक पातळ काप घेतला. शरीर नाही, फुप्फुस नाही, नुसता काप. तो काप जिवंत ठेवला तर त्यातले मज्जातंतू आपले श्वासाची लय देतच राहिले. दिंडीत टाळ कितीही असोत, लय मृदंगाची. तसं श्वासाच्या लयीचं ठिकाण तिथे आहे.

तिथून हुकूम खाली मानेत येतो. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जारज्जूच्या भागातून दोन नसा निघतात, एक उजवी, एक डावी. हृदयाच्या बाजूने खाली उतरून त्या श्वासपटलाला पोहोचतात. छातीखालच्या पडद्याची नस एवढ्या वरून, मानेतून का यावी? कारण आईच्या पोटात हा पडदा आधी मानेपाशी तयार व्हायला लागतो आणि मग खाली सरकतो. येताना आपली नस बरोबर घेऊन येतो. म्हणूनच रस्त्यावर कोणाला अपघात झाला, मानेला मार बसला, तर त्याची मान हलवायची नाही. श्वासाचा रस्ता तिथून जातो.

आता घाट. वडकी सोडली, मस्तानी तलाव खाली राहिला, चढण सुरू झाली. पुढे सुमारे चार किलोमीटर असंच चढत जायचंय. काही जण म्हणतात, वर हवा विरळ आहे म्हणून दम लागतो. तसं नाही. केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हवा खरोखर विरळ. दिवे घाटाच्या माथ्यावर हवा भरपूर आहे. इथे धाप लागते ती हवा कमी म्हणून नव्हे. पायांची मागणी वाढते म्हणून ती लागते. सपाटीवर पाय नुसते पुढे टाकायचे असतात, चढावर प्रत्येक पावलाला अख्खं शरीर उचलायचं असतं. मांड्यांच्या स्नायूंना जास्त ऑक्सिजन हवा आणि तिथे तयार होणारा कार्बन डायऑक्साईड बाहेर टाकायला हवा. बघता बघता भात्याचं काम सहा-सात लिटरवरून मिनिटाला चाळीस-पन्नास लिटरवर जातं. एका कळशीच्या जागी सहा-सात कळश्या, आणि त्या दर मिनिटाला.

मेंदूला हे कसं कळतं? तीन वाटांनी कळतं.

पहिली वाट अशी की पाय उचलायचा हुकूम निघतो तेव्हाच श्वासाचाही हुकूम निघतो. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी १९१३ साली दाखवलं की माणूस कष्टाला लागला की पहिल्या काही क्षणांतच श्वास वाढतो, रक्तात बदल पोहोचण्याआधी. मेंदू वाट बघत बसत नाही. पावलाबरोबरच भाता जोरात सुरू करतो.

दुसरी वाट पायांची. राबणाऱ्या स्नायूंकडून वर खबर जात राहते की इथे काम वाढलंय.

तिसरी वाट रक्ताची. १९०५ साली इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी सिद्ध केलं की एरवी आपला श्वास मुख्यतः कार्बन डायऑक्साईडच्या हिशोबाने चालतो. तो किंचित वाढला की श्वास लगेच वाढतो. मस्तिष्कपुच्छाच्या पृष्ठभागाजवळच्या पेशी हे सतत तपासतात. ऑक्सिजन कमी पडतोय का हे बघणारे दोन राखणदार वेगळे आहेत. गळ्यात दोन्ही बाजूंना, जिथे बोट लावलं की नाडी लागते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढे ते बसलेले आहेत. त्यांचं काम उलगडल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणजे श्वास वाढणं ही तक्रार नाही बरं का. ते देहाचं चोख काम आहे. तरण्या पैलवानाचाही श्वास घाटात वाढणारच.

मग धाप, कासाविशी, जीव घाबरा होणं हे कुठून येतं? इथे नीट ऐका. मेंदू श्वासपटलाला हुकूम पाठवतो तेव्हा त्याची एक नक्कल जाणिवेच्या भागालाही देतो, म्हणजे एवढा जोर लावायला सांगितलाय हे तिथे कळतं. तिकडून छाती, बरगड्या आणि फुप्फुसं उलट निरोप पाठवतात की एवढी हवा आली. मेंदू दोन्हींचा मेळ घालतो. जोर लावला तेवढी हवा आली तर माणूस म्हणतो, "श्वास वाढलाय, पण चाललंय." जोर खूप लावला आणि हवा थोडीच आली तर हिशोब जुळत नाही, आणि त्या न जुळण्यालाच आपण "दम कोंडला" म्हणतो. कॅम्पबेल आणि हॉवेल या दोन डॉक्टरांनी हा विचार १९६३ साली मांडला आणि आजही धाप समजून घेताना तोच पाया धरतात. पुढे मेंदूची चित्रं घेणारी यंत्रं आली, तेव्हा हवेची भूक लागल्यावर मेंदूच्या आत दडलेला इन्सुला नावाचा भाग जागा होतो असंही दिसलं. दुखणं आणि घशाची कोरड जाणवून देण्यातही हाच भाग आहे. तेव्हा धाप ही तहानेसारखी आहे. तहान लागली हे सांगायला आपण लाजतो का? मग धापेला का लाजायचं?

हा हिशोब कोणाचा लवकर बिघडतो, तेही सांगतो. ज्यांनी वर्षानुवर्षं बिडी ओढली, किंवा ज्या आयाबहिणींनी बंद घरात चुलीच्या धुरात जन्म काढला, त्यांच्या फुप्फुसांत हवा अडकून राहते. फुप्फुसं फुगलेली राहतात आणि खालच्या पडद्याला दाबून सपाट करतात. पालथी वाटी ताटासारखी झाली. आता ती आकसली तरी खाली जायला जागाच कुठे आहे? हुकूम मोठा, हवा थोडी. ज्यांचं हृदय कमजोर आहे त्यांच्या फुप्फुसांत पाणी साठून ती जड होतात, तिथेही जोर जास्त लागतो. ज्यांचं रक्त कमी आहे त्यांना हवा मिळते, पण ती वाहून न्यायला गाडाच लहान. त्यांचा ठोका आणि श्वास दोन्ही लवकर वाढतात. हे सगळे आपल्या दिंडीत आहेत. ते चालतात, गातात. त्यांच्या मनाची ताकद आपल्यापेक्षा कमी नाही, उलट जास्तच म्हणायची. तोच घाट चढायला त्यांच्या भात्याला दुप्पट राबावं लागतं.

हा पडदा थकतो का? थकतो. तो चिवट आहे, त्याला रक्ताचा पुरवठा चांगला, सावकाश थकणारे तंतू त्याच्यात भरपूर. तरी त्यालाही मर्यादा आहे. १९७७ साली कॅनडात रूसोस आणि मॅकलेम यांनी मोजलं. श्वासपटलाच्या पूर्ण ताकदीच्या ४० टक्क्यांहून जास्त जोर प्रत्येक श्वासाला लावावा लागला तर ते फार वेळ टिकत नाही. पुढे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेरोम डेम्प्सी यांच्या गटाने धडधाकट माणसांना अगदी दमेपर्यंत राबवलं आणि मग मानेतली ती नस बाहेरून चेतवून पडद्याचा जोर मोजला. जोर घटलेला होता, आणि भरून यायला तासाभराहून जास्त वेळ लागला.

त्याच गटाने १९९७ च्या सुमारास आणखी एक गोष्ट दाखवली, ती आपल्या फार कामाची आहे. सायकल चालवण्यात तयार झालेली माणसं पूर्ण जोरात सायकल मारत असताना त्यांच्या हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा १४ ते १६ टक्के वाटा एकट्या श्वासाच्या स्नायूंना लागत होता. यंत्राने श्वासाचं ओझं हलकं केलं तर पायांचं रक्त वाढलं. श्वास मुद्दाम जड केला तर पायांचं रक्त घटलं. देहाने ठरवलेलं आहे की भाता थांबता कामा नये, पाय थांबले तरी चालतील. श्वासपटल दमू लागलं की मेंदूला निरोप जातो आणि मेंदू पायांकडच्या रक्ताच्या वाटा आवळतो.

आता तुम्ही म्हणाल, ते पूर्ण जोरात सायकल मारणारे, आमचं काय? बरोबर आहे. तरण्या माणसाला घाट म्हणजे अर्धा जोर. पण सत्तरीच्या, दमा असलेल्या, हृदयाची गोळी घेणाऱ्या माणसाला तोच घाट पूर्ण जोराचा आहे. "माउली, पाय उचलत नाहीत" असं कोणी घाटात म्हणालं तर नुसते पाय चेपत बसू नका. त्याचा श्वास बघा. कदाचित पायांचं रक्त श्वासाला गेलंय.

आता आपल्या खास गोष्टीकडे येऊ. आपण नुसते चढत नाही, गात चढतो. गाण्यात श्वास झटकन घ्यायचा आणि सावकाश सोडत चरण पुरा करायचा. हा हुकूम मेंदूच्या वरच्या, इच्छेच्या भागातून येतो. खालून मस्तिष्कपुच्छ म्हणतं, लवकर श्वास घे. वरून आपण म्हणतो, थांब, चरण पुरा होऊ दे. थोडा वेळ इच्छेचं चालतं, शेवटी मस्तिष्कपुच्छच जिंकतं, आणि जिंकायलाच हवं. श्वास रोखून कोणालाही फार काळ राहता येत नाही ते त्याच्यामुळेच. म्हणून घाटात आवाज तुटला तर तो तुटू द्या. आपल्या पूर्वजांनी चाल अशी बसवली आहे की एकाने चरण घ्यायचा आणि बाकीच्यांनी उचलायचा. एक गातो तेव्हा दुसऱ्याला श्वास मिळतो. घाटात ही अदलाबदल वाढवा. एकाच टाळकऱ्याने सगळं ओढायचं नाही.

नामाने श्वास शांत होतो हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. २००१ साली इटलीत लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला लावून मोजलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या, रक्तदाबाच्या लयी त्याच्याशी जुळल्या. हे आपल्या मुक्कामाच्या जपाला लागू आहे, घाटाला नाही. चढताना कोणी श्वास ओढून-ताणून मिनिटाला सहावर आणायला जाईल तर कार्बन डायऑक्साईड साठेल आणि जीव जास्त घाबरा होईल. घाटात श्वास वाढू द्या. माथ्यावर पोहोचून बसलात की मग नामाने त्याला खाली आणा.

वाढू द्या, पण उथळ होऊ देऊ नका. यातही एक हिशोब आहे. प्रत्येक श्वासातली साधारण १५० मिलिलिटर हवा नळ्यांतच राहते, फुप्फुसाच्या कामाच्या जागी पोहोचत नाही. समजा एकाने मिनिटाला अर्ध्या लिटरचे १२ श्वास घेतले आणि दुसऱ्याने घाबरून पाव लिटरचे २४ घेतले. दोघांची हवा सहाच लिटर. पण पहिल्याच्या कामाला आली ४ लिटर २०० मिलिलिटर, आणि दुसऱ्याच्या २ लिटर ४०० मिलिलिटर. कष्ट दुप्पट, पदरात निम्म्याहून थोडं जास्त. भीतीने श्वास उथळ होतो, उथळ श्वासाने भीती वाढते. म्हणून दमलेल्या माणसाजवळ ओरडाआरडा, घोळका नको. एकाने शेजारी बसावं, पाठीवर हात ठेवावा, सावकाश बोलावं. ही सेवा कुणालाही करता येते.

आता उद्यासाठी काय करायचं ते सांगतो.

सकाळी पोट तुडुंब भरून घाटाला लागू नका. भरलेलं जठर पडद्याला खाली येऊ देत नाही. थोडं थोडं खा, पाणी घोट घोट पीत राहा. कंबरेला पदर किंवा उपरणं करकचून बांधू नका. छातीवर पट्टे आवळणारी पिशवी ट्रकमध्ये द्या. पण औषध आणि दम्याचा पंप ट्रकमध्ये नाही, तो खिशात किंवा कनवटीला. गोळ्या उपवासाच्या दिवशीही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

चालताना कसोटी एकच ठेवा. सोबत्याशी बोलता येतंय, पण गाता येत नाही, इथपर्यंत ठीक आहे, चालत राहा. दोन शब्दांच्या पुढे बोलता येत नाही असं झालं की थांबा. यंत्र लागत नाही, आपली जीभच सांगते.

थांबलात की सपाट झोपू नका. बसा, थोडे पुढे वाका, कोपरं गुडघ्यांवर टेका. उभे असाल तर काठीवर किंवा कठड्यावर हात रोवून वाका. हात टेकले की खांद्याचे आणि छातीचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात, आणि पुढे वाकल्याने सपाट झालेला पडदा पुन्हा वर, वाटीच्या आकाराला येतो. मग नाकाने श्वास घ्या आणि गरम दुधावर फुंकर घालावी तसा ओठ आवळून सावकाश सोडा. ज्यांच्या फुप्फुसांत हवा अडकते त्यांना याने फार आराम पडतो.

आणि ही लक्षणं दिसली तर "जरा दम लागलाय" म्हणून सोडायचं नाही. दहा मिनिटं बसूनही धाप उतरत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, कळ हातात किंवा जबड्यात जाते. ओठ, नखं निळी पडतात. खोकल्यातून फेस येतो. माणूस असंबद्ध बोलायला लागतो किंवा उन्हात अंग तापून भोवळ येते. यातलं एकही असलं तरी लगेच आम्हाला निरोप द्या आणि १०८ ला फोन लावा. रात्री सपाट झोपलं की दम लागतो, दोन उशा घ्याव्या लागतात, पायांवर सूज आहे, असं ज्यांना असेल त्यांनी उद्याची वाट बघू नका, आज पंगत झाली की आमच्या तंबूत या.

एक अडचण आहे, ती आम्हाला ठाऊक आहे. सोहळ्यात दिंडीची जागा ठरलेली असते. आपण मनाला येईल तिथे अख्खी दिंडी उभी करू शकत नाही. मागची रेटते, पुढची निघून जाते. म्हणून माणूस धावतो. त्यावर आम्ही विणेकरीबाबांशी आणि चोपदारांशी बोललो आहोत, आणि शंभराव्या वर्षी दिंडीने एक नेम धरावा असं ठरतंय. घाटात कुणी एकटं मागे राहणार नाही. साठीच्या पुढच्या प्रत्येक माउलीला एक तरणा जोडीदार. ती थांबली की तो थांबेल. दिंडी तिच्या गतीने पुढे जाईल, ही दोघं कडेने सावकाश येतील, आणि सासवडच्या मुक्कामी त्यांची जागा आणि त्यांचं ताट राखून ठेवलेलं असेल. ज्यांना आम्ही गाडीने या म्हणू त्यांनी गाडीने यावं, आणि त्यांची वारी मोडली असं दिंडीतल्या कोणीही तोंडातून काढू नये. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. लोक काय म्हणतील या भीतीपायी माणूस धाप लपवतो. ती भीती आमच्या औषधाने जात नाही, ती तुम्हीच घालवू शकता.

आणि पुढच्या वर्षासाठी. श्वासाचे स्नायूही सवयीने तयार होतात. गुढीपाडव्यापासून रोज शिवेपर्यंत चाला, जवळ टेकडी असेल तर ती चढा. बिडी सोडा. दम लागतो म्हणून घरी बसू नका, का लागतो ते एकदा दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. पुष्कळांचं दुखणं साध्या औषधाने आटोक्यात येतं आणि पाय पुन्हा वाटेला लागतात.

पंगत वाढायला घेतलेली दिसते, तेव्हा आता थांबतो. उद्या पहाटे निघण्याआधी ज्यांना रक्तदाब बघायचा असेल त्यांनी तंबूत यावं, आम्ही चार वाजल्यापासून आहोत.

राम कृष्ण हरी.